बांगडीचं वांगं

परवा आमच्या अपार्टमेंटच्या चेअरमनसाहेबांनी मला जिन्यात गाठलं आणि "मॅडम, जरा वर या, गंमत दाखवतो," म्हणून त्यांच्या बाल्कनीत नेलं. तिथं चकचकीत कुंड्यांची रांग होती. एकीत टोमॅटो, एकीत पुदिना, एकीत ढबू मिरची, आणि प्रत्येकीत नावाची छोटी पाटी. "सगळं ऑरगॅनिक बरं का," साहेब म्हणाले. "बाजारच्या भाजीचा काही भरवसा राहिलेला नाही. माणसानं थोडंतरी घरी पिकवावं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस, आणि हे मला सांगतो! मी म्हटलं, "छान आहे हो. एखादी बांगडी बांधा की." साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. मी तशीच खाली आले आणि दिवसभर मला बरं वाटत राहिलं.

कुठली बांगडी हे त्यांना बरोबर कळलं. आमच्या अपार्टमेंटमधल्या प्रत्येक जुन्या माणसाला कळलं असतं. पण गौराक्कांचं नाव इथं कुणी काढत नाही. काढलंच तर विषय बदलतात, पाण्याच्या टाकीवर जातात. म्हणून मीच काढते.

ही इमारत राजारामपुरीतली. खाली दुकानं, वर तीन मजले. नव्वद सालानंतर कोल्हापुरात अपार्टमेंटं उठू लागली तेव्हाची. पहिल्या मजल्यावर आमच्या समोरचा फ्लॅट अक्कांच्या मुलानं, बसूनं घेतला. त्या फ्लॅटला मागच्या बाजूला दुकानांच्या स्लॅबवरची उघडी फरशी जोडून मिळालेली होती. बिल्डर तिला टेरेस म्हणायचा. अक्का तिला परडं म्हणायच्या.

अक्का कागलच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेल्या गावच्या. घरी शेती, सासरी गुळाची अडत. नवरा गेला, अडत बंद झाली, बसू फौंड्रीत नोकरीला लागला आणि आईला घेऊन या सिमेंटच्या खोक्यात आला. कपाळावर विभूतीची तीन बोटं, गळ्यात लिंग, अंगावर इरकली लुगडं. आवाज असा की त्यांनी बसूला चहाला हाक मारली तर खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायचं. इकडच्या बायकांसारखंच स्वतःबद्दल "मी येतो, मी जातो" म्हणायच्या, आणि ते त्यांना शोभायचं. राग हा त्यांचा कायमचा मुक्काम होता. सकाळी नळावर, दुपारी रेडिओवर, संध्याकाळी भाजीवर. पण त्यांचा राग कधी लपलेला नसायचा. पाठीमागं एक आणि तोंडावर दुसरं, हे त्यांना जमायचंच नाही.

माझी त्यांची ओळखही भांडणातूनच झाली. बँकेतून येताना मी भाजी घेऊन जिना चढत होते. अक्का दारातच बसलेल्या.

"काय आणलंस गं?"

"कोथिंबीर."

"हुंगून बघितलीस?"

मी म्हटलं, "धुतली की येईल वास."

"धुतली की माती जाती. वास आत असायला लागतोय की! गवात आणलंयस, गवात. हायब्रीडचं." असं म्हणून त्यांनी जुडी माझ्या पिशवीतून काढून आपल्या मांडीवर घेतली, माझ्या मनगटाला धरलं आणि मला परड्यात नेलं. तिथं एका करपलेल्या कुकरमध्ये बोटभर उंचीची कोथिंबीर होती. तिची दोन पानं चिमटीनं खुडून त्यांनी माझ्या बोटांवर चोळली. "ही जवारी. आता हुंग."

जवारी म्हणजे आपली, गावची, जुन्या बियाणाची. मी बोटं नाकाशी नेली आणि मला आजोळच्या आमटीची आठवण झाली. माझी जुडी अक्कांनी परत दिलीच नाही. उसाच्या चिपाडांवर टाकली, खत व्हायला. मी चिडले, पण काय करता? त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी 'बँकवाली' झाले, आणि माझी पिशवी जिन्यात तपासली जाऊ लागली.

त्यांच्या परड्यात विकत आणलेली कुंडी एकही नव्हती. मिरच्या तेलाच्या डब्यात, पोकळ्याची भाजी आडव्या कापलेल्या पिंपात, मेथी मिठाईवाल्याच्या टाकून दिलेल्या ट्रेमध्ये, पुदिना बूड गेलेल्या माठात. कुणाच्या घरून फुटकी बादली खाली निघाली की अक्का जिन्यात आडव्या. "टाकतीस? बूड तेवढं गेलंय. बाई म्हातारी झाली म्हणून टाकत्यात व्हय?" पाणी घालायचं ते तांदूळ-डाळीच्या धुवणाचं. मातीत मिसळायला माहेराहून पोत्यानं मळी यायची, साखर कारखान्यातली, काळी आणि उग्र वासाची. पानांवर मावा किडा पडला की उपाय म्हणजे राख. तीही कुठलीही नाही, चुरमुऱ्याच्या भट्टीतली. सकाळी झाडांवर दव असताना चिमूटचिमूट भुरभुरायची. पानं पांढरी व्हायची आणि अक्कांची बोटंही.

एकदा बसूनं हौसेनं आईच्या वाढदिवसाला नर्सरीतून रंगीत पानांचं क्रोटन आणलं, पांढऱ्या सुबक कुंडीत. अक्कांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"ह्याला फळ येतंय?"

"नाही आई. शोभेचं आहे."

"पालाभाजी?"

"नाही."

"देवाला चालतंय?"

बसूनं डोकं खाजवलं. "मग नांदायला कशाला आलंय ह्ये?" असं म्हणून अक्कांनी ते उपटून जिन्याखाली, वॉचमनच्या खोलीशेजारी लावलं. कुंडीत दुसऱ्या दिवशी शेपू पेरला. बसू बिचारा हसला. तो नेहमी हसायचा. कुणाशी वाकडं व्हायला नको, ही त्याची जन्माची काळजी. पुढं जे झालं त्यात त्या हसण्याचा मला फार राग आला.

चेअरमनीणबाईंशी अक्कांचं जमणं शक्यच नव्हतं. साहेबांच्या मंडळींना आम्ही सगळ्या चेअरमनीणबाई म्हणत असू, आणि त्यांना ते आवडायचं. अक्का डब्यांच्या तळाला रसाच्या गाड्यावरची चिपाडं घालायच्या, ओल टिकावी म्हणून. उसाच्या चिपाडाला मुंग्या येणारच. त्या मुंग्या एका उन्हाळ्यात दुसऱ्या मजल्यावर, चेअरमनीणबाईंच्या साखरेच्या डब्यापर्यंत पोचल्या. बाई गाऊनवरच खाली आल्या.

"अहो, ही काय घाण साठवून ठेवलीय? मुंग्या आल्या आमच्याकडे!"

"मग मुंग्यास्नी जिना मी दावला व्हय?"

"असल्या उकिरड्यात काही उगवायचं नाही तुमचं."

"उगवतंय का न्हाई त्ये बघच आता तू!"

हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. उगवतं की नाही ते बघ, असं अक्का म्हणाल्या. मी दारात उभी होते, माझ्या कानांनी ऐकलंय. आणि त्या वर्षी असं उगवलं की इमारतीतल्या प्रत्येक घरात भरताचं वांगं गेलं. चेअरमनीणबाईंच्या घरीसुद्धा. त्यांनी ते भाजलं, खाल्लं आणि ताटली रिकामीच परत पाठवली. कोल्हापुरात शेजाऱ्याची ताटली रिकामी परत पाठवणारं घर म्हणजे कसलं घर ते ज्याचं त्यानं ओळखावं.

ते वांगं हा अक्कांचा जीव होता. बाकी सगळं परडं एकीकडं आणि सकाळचं पहिलं ऊन लागायच्या कोपऱ्यातले वांग्याचे डबे एकीकडं. फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, तळहातावर न मावणारं फळ. देठाला काटे. भाजलं की साल आपोआप सुटायची आणि आत गर असा की तेलसुद्धा कमी लागायचं. हे बियाणं अक्कांच्या आईचं. लग्नात आईनं पदराच्या गाठीत बांधून दिलेलं. पुढं माहेरी सगळीकडं ऊस झाला, भावांनी परड्यातसुद्धा ऊस लावला आणि ते वांगं गावातून गेलं. दरवर्षी उरलेलं बी अक्का भावाकडं पाठवायच्या, "एक वाफा तरी कर रे" म्हणून. ते तिकडं कुठल्यातरी ओलसर फळीवर पडून राहायचं. उसाच्या राज्यात वांग्याला कोण विचारतो! तेव्हा ते वांगं जगात उरलं होतं ते राजारामपुरीत, दुकानांच्या छपरावर, तेलाच्या डब्यात.

दरवर्षी सगळ्यात देखणं फळ अक्का बियासाठी राखायच्या. ते तोडायचं नाही. झाडावरच पिवळं, मग तपकिरी होऊ द्यायचं, सुरकुतू द्यायचं. खेड्यात असल्या फळाला चिंधी बांधतात. चिंधी दिसली की कुणी हात लावत नाही. अक्का चिंधी बांधायच्या नाहीत. फळ अंगठ्याएवढं असतानाच त्याच्यावरून एक हिरवी काचेची बांगडी सरकवून देठाशी ठेवायच्या. फळ मोठं झालं की बांगडी काढू म्हटलं तरी निघायची नाही.

मी एकदा विचारलं, "अक्का, बांगडी का?"

"मालक गेलं तवा बायका आल्या बांगड्या फोडायला. मी म्हटलं, लांब ऱ्हावा. चांगली काच कशाला फोडायची? काढून ठेवलो. पेढ्याच्या डब्यात हायत्या." मग वांग्यावरची राख बोटानं पुसत म्हणाल्या, "माझ्या हातात चालत न्हाईत म्हणत्यात. हिच्या हातात चालत्यात की. ही लेकुरवाळी हाय."

मला वाटतं, एवढं सरळ बोलणं मी उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही. आणि याच बांगडीचं पुढं काय केलं लोकांनी!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. चेअरमनसाहेबांच्या मुलीची सोयरीक जमली होती. साखरपुड्याची तारीख ठरली, आणि मुलाकडच्यांनी अचानक नकार कळवला. अशा सोयरिकी मोडतात. कारणं शंभर असतात, बहुतेक वेळा मुलाकडची. पण चेअरमनीणबाईंना कारण सापडलं आमच्या पहिल्या मजल्यावर. त्यांच्या खिडकीतून अक्कांचं परडं सरळ दिसायचं. त्यांना काय दिसलं? एक विधवा बाई रोज सकाळी काहीतरी पुटपुटत राख टाकते. झाडाला एक सडकं पिवळं वांगं लोंबतंय. आणि त्याला अडकवलीय हिरवी बांगडी. हिरवी! नवरीच्या चुड्याची! माझ्या पोरीच्या हातात चुडा चढू नये, तिचं असं वांगं व्हावं, म्हणून केलेली ही करणी. आणि बाईनं तोंडानं सांगितलेलंच होतं की, "बघच आता तू!" वाक्याचं शेपूट तेवढं ठेवलं, आधीचं 'उगवतंय का न्हाई' गिळलं.

हे सगळं एका दुपारी इमारतभर झालं. कुणाला आपल्या मुलाचा नापास पेपर आठवला, कुणाला सासूचा गुडघा. सगळी शिकलेली माणसं. घरात कॉम्प्युटर आलेले, मुलं इंग्लिश मीडियमला. दरवर्षी ते भरीत बोटं चाटून खाल्लेली! खाताना कुणाला करणी लागली नाही.

नेमक्या त्या आठवड्यात अक्का माहेरी होत्या. भावजय वारली होती, दिवस होते. मी बँकेत. कमिटीनं कुठून तरी करणी उतरवणारा एक देवरशी आणला. फ्लॅटची किल्ली त्यांना कुणी दिली? बसूनं. हसत दिली असेल. नंतर मला म्हणाला, "वहिनी, ते म्हणाले फक्त ते एक वांगं नेणार. म्हटलं, जाऊ दे. कशाला उगाच तोंड वाईट करायचं."

देवरशानं वांगं देठासकट कापलं, लाल फडक्यात बांधलं, बरोबर लिंबू आणि नारळ घेतला आणि पंचगंगेत सोडून आला. मग म्हणे, जागा शुद्ध करायला पाहिजे. म्हणून वांग्याचे डबे, मिरच्या, पोकळा, पुदिना, करपलेला कुकर, सगळं टेम्पोत भरून गेलं. मी संध्याकाळी आले तेव्हा फरशी धुऊन स्वच्छ झाली होती आणि गोमूत्राचा वास येत होता.

मी तशीच वर गेले. साहेब टीव्हीवर मॅच बघत होते. मी जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. साहेबांनी आवाज कमी केला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, माझा पर्सनली असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण मिसेसच्या समाधानासाठी करावं लागतं." त्या माणसाला खरंच भीती वाटली असती तर मी त्याला माफ केलं असतं. विश्वास नसताना दुसऱ्याचं घर उघडून लुटणाऱ्याला काय म्हणायचं?

अक्का तिसऱ्या दिवशी रिक्षातून उतरल्या. सोबत मळीचं पोतं. पोतं जिन्याशीच ठेवून त्या वर गेल्या, परड्याचं दार उघडलं आणि उभ्या राहिल्या. मी मागं होते. पोकळ्याबद्दल, मिरच्यांबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

"माझं वांगं कुठाय?"

बसू खाली बघत म्हणाला, "आई, नदीत सोडलं."

अक्का त्याला बाजूला सारून निघाल्या. खाली पार्किंगमध्ये गेल्या आणि तिथून जो आवाज लावला, तो चारी गल्ल्यांत गेला असेल.

"करणी मी केली व्हय? समोर या की, खिडकीतनं काय बघतासा! खाल्लासा तवा करणी दिसली न्हाई? माझ्या आईनं दिल्यालं बी हुतं त्ये! एकच फळ हुतं! आता कुठनं आणू?"

वरून चेअरमनीणबाई म्हणाल्या, "मग बांगडी कशाला बांधायची त्याला?"

"तोडू नये म्हणून!" अक्का ओरडल्या. "गावात चिंधी बघितली तर शेंबडं पोरगंबी हात लावत न्हाई. तुमास्नी एवढंबी कळंना? शिकलासा काय मग?"

खिडक्या एकेक करून बंद झाल्या. माफी मागायला कुणी आलं नाही. अक्का तिथून रिक्षा करून नदीवर गेल्या, एकट्याच. घाटावर काय शोधलं ते मला माहीत नाही. परत आल्या तेव्हा लुगड्याचे काठ चिखलानं भरले होते.

नंतर त्या माहेरी जाऊन फळीवरच्या जुन्या पुड्या घेऊन आल्या. पेरल्या, रोज पाणी घातलं. एक कोंब आला नाही. "वांग्याचं बी शिळं झालं की रुसतंय," एवढंच म्हणाल्या. त्या परड्यात त्यांनी पुन्हा काही लावलं नाही. मळीचं ते पोतं जिन्याखाली तसंच पडून होतं, शेवटी पावसानं कुजलं. वर्षभरात बसूनं फ्लॅट विकला आणि ते कळंब्याकडं राहायला गेले. चेअरमनसाहेबांच्या मुलीचं लग्न दुसरीकडं थाटात झालं. देवरशाला आहेर गेला, असं ऐकलं.

अक्का मला त्यानंतर एकदाच दिसल्या, लक्ष्मीपुरीच्या बाजारात, रविवारी. वांग्यांच्या एका ढिगापुढं उकिडव्या बसल्या होत्या. वाळल्या होत्या, पण आवाज तोच. एकेक वांगं उचलायच्या, देठावरून अंगठा फिरवायच्या, नाकाशी न्यायच्या, खाली ठेवायच्या. विकणारी बाई वैतागली होती. "घ्यायचं असंल तर घ्या आजी, न्हाईतर सरका."

मी हाक मारली. मला बघून त्यांनी पहिल्यांदा माझी पिशवी ओढली, कोथिंबीर हुंगली आणि तोंड वाकडं केलं. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हातांकडं गेलं. दोन्ही मनगटांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. पेढ्याच्या डब्यातल्या. शेजारच्या दोन बायका त्या मनगटांकडं आणि कपाळावरच्या विभूतीकडं बघून कुजबुजत होत्या.

"अक्का, बांगड्या?"

"मग? फळ ऱ्हायलं न्हाई, घालू कुणाला?" त्यांनी हात वर करून बांगड्या वाजवल्या. कुजबुजणाऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "त्या घराण्यातली बियाची म्हणून आता मीच ऱ्हायलो की. हात लावू नये कुणी, म्हणून घातल्यात."

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पुढच्या ढिगाशी गेल्या आणि पुन्हा खाली बसल्या. बांगड्या मागं सारून त्यांनी एक फिकट हिरवं वांगं उचललं, देठावरून अंगठा फिरवला.

"ओ पावणं," त्यांनी विकणाऱ्याला विचारलं, "ह्येचं बी कुठलं?"